पावणेदोन किलो शेवया



मी डी.एल.एड.च्या मुलामुलींना गणित कसं शिकवायचं ते शिकवते. गेल्या वर्षी पहिल्याच तासाला एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘मॅडम, मी बघून शिकणारी आहे. तोंडी गणितं मला जमायची नाहीत.’ एका प्रश्नावलीने तिला तसं सांगितलं होतं.

अशा प्रश्नावल्या मीही भरून घेत होते. पण २००८ साली पॅश्लर, मॅकडॅनियल, रोरर आणि बियॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी झालेलं संशोधन तपासलं. ज्याची त्याची शैली पाहून शिकवलं की जास्त समजतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. आवड असते, ती वेगळी.

मी फळ्यावर लिहिलं : पावणेदोन भागिले अर्धा. सगळ्यांनी उलटं करून गुणलं. साडेतीन. म्हटलं, आता याचं शाब्दिक उदाहरण सांगा. वर्ग गप्प. बहुतेकांनी दोघांत वाटणी केली. म्हणजे भागलं दोनने, अर्ध्याने नव्हे! मग तीच मुलगी उठली. ‘ईदच्या पावणेदोन किलो शेवया, अर्ध्या किलोच्या पुड्या. तीन भरतील, चौथी निम्मी.’ चित्र नाही, कागद नाही.

पोल्याने १९४५ च्या पुस्तकात पहिली पायरी सांगितली ती प्रश्न समजून घेण्याची. आपण नेमकी तीच गाळतो.

‘गणित तुझं काम नाही’ असं आपल्या मुलींना सांगणारे घरीदारी पुष्कळ आहेत. त्यात शिक्षिकाच कपाळावर शिक्का घेऊन वर्गात गेली तर?

ती प्रश्नावली मी आता देत नाही. तेवढ्या वेळात आणखी एक गणित होतं.