शाळा बंद, बाईंचे काम सुरू

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनानिमित्त परभणी येथे शिक्षिका, शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकी-मदतनीस आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्या एकत्र आल्या होत्या. त्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

कोरोनाच्या साथीबद्दल आता कुणाला बोलायचे नसते. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. शाळा त्याच्या आधीच भरू लागल्या होत्या. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांचे दुःख त्यांच्यापाशी राहिले आणि बाकीच्यांनी तो विषय मागे टाकला. मग आज हे पुन्हा कशाला उकरायचे, असे काहीजणींना वाटेल. माझे उत्तर सरळ आहे. त्या दोन वर्षांत शाळेत काम करणाऱ्या बायकांकडून जे काम करून घेतले गेले, त्याचा हिशोब झालेला नाही. ज्या कामाचा हिशोब होत नाही ते पुढच्या वेळी पुन्हा फुकट मागितले जाते. आणि पुढची वेळ येणारच आहे. दुष्काळ, पूर, गारपीट, साथ यांपैकी काही ना काही आपल्या मराठवाड्याच्या वाट्याला असतेच.

१३ मार्च २०२० रोजी राज्यात साथरोग कायदा लागू झाला, लगेच शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. सरकारी भाषेत शाळा बंद होत्या. प्रत्यक्षात काय होते? एप्रिलच्या मध्यानंतर ऊसतोड कामगारांना गावी परतण्याची परवानगी मिळाली. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतल्या वाड्या-तांड्यांवर टोळ्या परतल्या. मागोमाग पुण्या-मुंबईकडचे मजूर आले. त्यांना चौदा दिवस वेगळे ठेवायचे कुठे? अनेक गावांत पक्की सार्वजनिक इमारत एकच असते, ती म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. तेव्हा गावोगावी शाळेचे वर्ग विलगीकरण कक्ष झाले. ते वर्ग कुणी झाडले, पाणी कुणी भरले, माणसे गेल्यावर संडास कुणी धुतले, आलेल्यांची नावे वहीत कुणी लिहिली, हे प्रश्न आपण आपल्या बैठकांत विचारले, तेव्हा उत्तरात पुन्हा पुन्हा बायकाच आल्या. कुठे मदतनीस मावशी, कुठे शिक्षिका.

शिक्षकांना दिलेल्या कामांची यादीच बघा. घरोघर सर्वेक्षण, रेशन दुकानावर वाटपाच्या वेळी हजर राहणे, तपासणी नाक्यावर नोंदी, बाहेरून आलेल्यांच्या याद्या. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम आली. घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायू मोजायचा, जुने आजार विचारायचे. त्या पथकांतही अनेक ठिकाणी शिक्षक घेतले गेले. मोहिमेचे नाव ऐकून आपल्या एका बैठकीत बायका हसल्या होत्या. कुटुंबाची जबाबदारी बाईला सरकारने सांगावी लागते का? ती तर तिच्यावर होतीच. आता शेजारच्या पन्नास कुटुंबांचीही आली.

कुणी म्हणेल, संकटाच्या काळात सरकारी नोकराने काम करायचे नाही तर कुणी करायचे? हे मला मान्य आहे. कायदाही तसाच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामे देऊ नयेत, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही तीन कामे त्याला अपवाद आहेत. म्हणजे हे काम बेकायदा नव्हते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात तर योग्य कारणाशिवाय आदेश नाकारणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. तेव्हा काम का दिले, हे भांडण मी आज मांडत नाही. काम कसे दिले, हे मांडते आहे.

काम दिले गेले ते बहुतेक वेळा तोंडी. रात्री नऊला व्हॉट्सॲपवर यादी येते, सकाळी सातला अमुक गावी हजर राहा. कधी फोनवर निरोप. आदेशाचा कागद मागितला तर उत्तर मिळते की नंतर देऊ, आधी कामाला लागा. नाही म्हटले तर मात्र कारणे दाखवा नोटीस रीतसर लेखी येते. आदेश तोंडी आणि शिक्षा लेखी, असा हा व्यवहार आहे. जी शिक्षिका परभणीहून खेड्यात अपडाऊन करते तिची बस बंद, रस्त्यात संचारबंदी, हातात पास नाही. मग नवऱ्याच्या किंवा भावाच्या गाडीवर मागे बसून जायचे. तो नाही म्हणाला तर तिची गैरहजेरी. सातव्या महिन्याच्या बाईने, घरात दम्याची सासू असलेल्या बाईने सूट मागितली की ‘पगार पुरा घेता ना?’ हे ऐकायचे. पुरुष शिक्षकांनाही पुष्कळ सोसावे लागले, नाक्यावरच्या रात्रपाळ्या बहुधा त्यांनीच केल्या. पण ते घरी आले तेव्हा कुणीतरी गरम पाणी काढून ठेवले होते. बाई घरी आली तेव्हा ते पाणी तिचे तिलाच तापवायचे होते.

कागद नसला की काय होते, ते मरणाच्या दारात कळते. मे २०२० मध्ये राज्य सरकारने निर्णय केला की कोरोनाच्या कामावर असताना लागण होऊन मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसांना ५० लाख रुपये मिळतील. निर्णय चांगला होता. त्याला अट होती. दवाखान्यात दाखल होण्याच्या किंवा मृत्यूच्या आधीच्या १४ दिवसांत ती व्यक्ती कर्तव्यावर हजर होती, हे सिद्ध व्हायला हवे. ज्या बाईला फोनवरून बोलावले, तिने ते कशावरून सिद्ध करायचे? तिच्या मागे राहिलेल्या लेकरांनी कुणाच्या सहीचा कागद आणायचा?

शेजारच्या राज्यात नाही, पण आपल्याच देशात या प्रश्नाचा एक मोठा धडा मिळाला, तो सांगते. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट जोरात असताना उत्तर प्रदेशात पंचायत निवडणुका झाल्या. तिथल्या प्राथमिक शिक्षक संघाने निवडणुकीच्या कामानंतर मेलेल्या १,६२१ शिक्षक-कर्मचाऱ्यांची यादी सरकारला दिली. सरकार म्हणाले, मेले फक्त तीन. इतका फरक कसा? तर नियमाप्रमाणे कामाची वेळ म्हणजे घरातून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत. त्या वेळात मेला तोच कामावर मेला. कोरोना काही मतदान केंद्रावर माणूस पाडत नाही, तो आठ-पंधरा दिवसांनी मारतो, हे लहान पोरालाही कळते. शिक्षकांनी यादी धरून ठेवली, ओरड केली, आणि सरकारला नियम बदलावा लागला. कामानंतर ३० दिवसांत झालेले मृत्यू धरले गेले आणि वारसांना ३० लाख रुपये देण्याचे ठरले. मैत्रिणींनो, ती यादी नसती तर तो आकडा तीनच राहिला असता.

आता शिकवण्याचे बघू. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे सरकारने जाहीर केले. जून २०२० पासून मोबाइलवर अभ्यास पाठवायचा, दूरदर्शनवरचे कार्यक्रम मुलांना दाखवायला सांगायचे, रोज किती मुलांनी बघितले याची माहिती लिंकवर भरायची. मोबाइल स्वतःचा, रिचार्ज स्वतःचा, झेरॉक्सही स्वतःच्या पैशाने. ज्या घरात एकच फोन आणि तो बापाच्या खिशात, त्या घरातल्या मुलीपर्यंत पोचायला शिक्षिकेने बापाशी बोलायचे. यातून तिचा नंबर गावभर झाला. रात्री अकराला येणारे व्हिडिओ कॉल, नको ते फोटो, हे अनेकींनी सोसले आणि घरी सांगितले नाही. सांगितले असते तर नवऱ्याने आधी तिचाच फोन तपासला असता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. पण कामाची जागाच मोबाइलमध्ये गेली, तेव्हा तक्रार समितीकडे जाता येते, हे कुणी या बायकांना सांगितले नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे वर्ग उघडायचे ठरले, तेव्हा शिक्षकांची तपासणी सक्तीची झाली. लांब रांगा, अहवालाची वाट, लागण निघाली तर गावाचे बोट शिक्षिकेकडे. वर्ग उघडले, पुन्हा बंद झाले, पुन्हा उघडले, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद झाले. प्रत्येक वेळी शाळा धुण्यापासून पालकांची संमतिपत्रे गोळा करण्यापर्यंत सगळे नव्याने.

इथे मी स्वयंपाकी-मदतनीस बायकांबद्दल थोडे जास्त बोलणार आहे, कारण शाळेचे कर्मचारी म्हटले की त्यांची आठवण शेवटी होते. यांतल्या कितीतरी विधवा, टाकलेल्या, भूमिहीन बायका आहेत. साथीच्या काळात त्यांचे मानधन महिन्याला १,५०० रुपये होते. दिवसाला ५० रुपये झाले. तेही वर्षातले दहाच महिने. मानधन हा शब्दच बघा. मजुरी म्हटले तर किमान वेतन द्यावे लागेल, म्हणून मान आणि धन. शिजवणे बंद झाले तेव्हा मुलांना तांदूळ आणि कडधान्ये वाटायची होती. पोती उतरवणे, मापणे, पुड्या बांधणे ही कामे कुणी केली? गावाने ‘बसून पगार खाते’ म्हणून हिणवलेली बाई तीच होती. त्याच काळात, डिसेंबर २०२० मध्ये, अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका स्वयंपाकी बाईच्या अर्जावर निकाल दिला की महिना १,००० रुपयांत असे काम करून घेणे ही घटनेच्या कलम २३ ने बंदी घातलेली वेठबिगार आहे आणि किमान वेतन दिले पाहिजे. आपल्या राज्यात पुढे २०२३ मध्ये मानधन २,५०० रुपये झाले. पण तेही किमान वेतनाच्या जवळपास नव्हते.

विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षिकांची गोष्ट आणखी वेगळी. फी आली नाही म्हणून पगार अर्धा, मग बंद. शिकवणे मात्र मोबाइलवर सुरू ठेवायचे, नाहीतर जूनमध्ये येऊ नका. कमी कुणाला करायचे हे ठरवताना संस्थाचालकांचा हिशोब ठरलेला असतो, बाईच्या घरी कमावता पुरुष आहे. बी.एड. झालेल्या बायका त्या वर्षी कापूस वेचायला आणि शिवणकामाला गेल्या. श्रमाची आपल्याला लाज नाही. पण ज्या नोकरीत काढून टाकल्याचाही कागद मिळत नाही, तिथे दाद मागायची कुणाकडे?

आणि शेवटचे ओझे, जे कुठल्याच आदेशात नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत आपल्या परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या १०० पैकी ४८ बायकांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. राज्यात हे प्रमाण २२ च्या आसपास होते. शाळा बंद झाल्या, लग्न थोड्या माणसांत आणि थोड्या खर्चात उरकू लागले, तेव्हा आठवी-नववीतल्या मुली पटावर राहिल्या आणि सासरी गेल्या. हे आधी कुणाला कळते? तिच्या बाईंना. अभ्यासाला उत्तर येत नाही, फोन लागत नाही, मैत्रीण सांगते की तिचे जमले. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असायचा, पण वयाचा पुरावा शाळेच्या रजिस्टरात असतो. म्हणून दबावही शिक्षिकेवर आणि मुख्याध्यापिकेवर येतो. कळवले तर गाव अंगावर येते, उद्या त्याच रस्त्याने एकटीने शाळेत जायचे असते. गप्प बसले तर एक मुलगी जाते. काहीजणींनी नाव न सांगता १०९८ ला फोन लावला. त्यांच्या पाठीशी आपल्यासारख्या संघटना उभ्या राहिल्या तिथे लग्ने थांबली. जिथे ती एकटी होती तिथे तिच्याकडून धैर्याची अपेक्षा करण्याचा आपल्याला काय हक्क?

या सगळ्या काळात शिक्षिकांना एक वाक्य वारंवार ऐकवले गेले, तुम्ही सावित्रीच्या लेकी. सावित्रीबाई प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले होते. साथरोग कायदाही त्याच वर्षीचा, फेब्रुवारी १८९७ चा. एका बाजूला इंग्रज सरकारचा हुकूम होता, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या विचाराने आणि आपल्या माणसांसाठी पुढे झालेली बाई. हुकूम तो आणि नाव तिचे, अशी सरमिसळ करून कुणी आपल्याकडून फुकट काम मागू लागले, तर ते सावित्रीबाईंचे नाव घेणे नव्हे, वापरणे आहे.

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट, शिकवण्याबाहेरचे कुठलेही काम आले की लेखी आदेश मागायचा. एकटीने मागितला तर ती भांडखोर ठरते, म्हणून केंद्रातल्या सगळ्या बायकांनी एका अर्जावर सह्या करून मागायचा. दुसरी, आदेश आला नाही तर आपणच वही ठेवायची. तारीख, वेळ, गाव, कुणी सांगितले, काय केले. मोबाइलवरचे निरोप पुसायचे नाहीत. तिसरी, गरोदर आणि आजारी बायकांची सूट ही मेहेरबानी म्हणून न मागता नियम म्हणून मागायची. चौथी, मदतनीस मावशीचे नाव शिक्षिकांच्या मागणीपत्रात असलेच पाहिजे. पगारदार शिक्षिकेने तिच्या किमान वेतनासाठी सही करायला कचरू नये. आणि पाचवी महिला मंडळांसाठी. गावात लग्न थांबवण्याचा फोन शिक्षिकेच्या नावावर राहू देऊ नका, तो मंडळाच्या नावाने करा.

२०२० ते २०२२ या काळात आपापल्या शाळेत कुणी कोणते काम केले, कुणाला काय मिळाले, कुणाचा अर्ज अडकला, कुणाच्या घरचे माणूस गेले, याची तालुकावार यादी करण्याचे काम आज आपण वाटून घेणार आहोत. नऊ तालुके आहेत. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने निदान आपल्या गावाची पाने भरून आणावीत.