लेखक, अडत्या आणि चळवळ

(कार्यकर्त्यांच्या लेखन-शिबिरात केलेल्या भाषणाचा सारांश)



वैचारिक पुस्तक प्रसिद्ध व्हावयाचे तर साहित्यिक एजंट हवाच काय, असे येथील तरुण मित्रांनी विचारले आहे. मराठीत लेखक प्रकाशकाला थेट भेटतो. त्यामुळे हा प्रश्न मुख्यतः इंग्रजी ग्रंथव्यवहाराचा आहे.

लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी १८७५ च्या सुमारास हा व्यवसाय सुरू केला. लेखकाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा ही त्यांची अडत. आज ती बहुधा पंधरा टक्के असते. यात गूढ काही नाही. विकणारे असंख्य व विखुरलेले, घेणारे मूठभर व संघटित, अशा बाजारात अडत्या उभा राहतोच. इंग्लंड-अमेरिकेतील बडे प्रकाशक एजंटाविना आलेले हस्तलिखित बहुधा पाहतही नाहीत. विद्यापीठीय व लहान प्रकाशनसंस्था मात्र कथेतर पुस्तकाचा प्रस्ताव लेखकाकडून अनेकदा थेट स्वीकारतात.

अडत्याचा उपयोग किती, हे जॉर्ज ऑर्वेल यांच्या उदाहरणावरून दिसते. पॅरिस व लंडनमधील दारिद्र्याचे त्यांचे अनुभवकथन दोन प्रकाशकांनी नाकारले होते. लेनर्ड मूर या एजंटाने ते व्हिक्टर गोलान्झ यांच्यापर्यंत पोहोचविले आणि १९३३ साली ते प्रसिद्ध झाले. पुढे स्पेनच्या यादवीवरील त्यांचे पुस्तक कम्युनिस्टांना अडचणीचे ठरणार असे दिसताच त्याच गोलान्झ यांनी ते लिहून होण्यापूर्वीच नाकारले. दुसऱ्या प्रकाशकाने १९३८ साली त्याच्या दीड हजार प्रती काढल्या. १९५० मध्ये ऑर्वेल वारले तेव्हाही त्या संपलेल्या नव्हत्या. एजंट दार उघडू शकतो. अप्रिय सत्याला वाचक मिळवून देणे त्याच्या हाती नसते.

आता आपल्याकडे पाहा. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपली परिषद रद्द केली. तेथे न झालेले अध्यक्षीय भाषण डॉ. आंबेडकरांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केले. त्याच्याही प्रती दीड हजारच होत्या. त्या दोन महिन्यांत संपल्या. तेथे अडत्या नव्हता. पण त्या विचाराची वाट पाहणारा वाचक होता, आणि तो चळवळीने घडविला होता.

तेव्हा बड्या इंग्रजी प्रकाशकाकडे जावयाचे असेल तर एजंट अवश्य शोधा. मात्र हस्तलिखित वाचण्यासाठीच आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. इतरत्र थेट जा, पण लेखी कराराविना जाऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखीच व्हावे लागते, आणि करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. संकोचापोटी करार न वाचता सही करणारे अनेक विद्वान मी पाहिले आहेत.

शेवटी एक कटू गोष्ट. आपले कार्यकर्ते पुस्तकाची स्तुती करतात आणि प्रत भेट मिळण्याची वाट पाहतात. ही सवय आपण सोडली नाही, तर आपल्या लेखकांना उद्या अडत्याच्याच दारी उभे राहावे लागेल. आणि तो तरी कोणाच्या भरवशावर आपले पुस्तक हाती घेईल?