धामण ओळखा, मण्यारीपासून जपा

आपल्या जुन्नर-आंबेगावात बराखीत कांदा भरला की उंदीर येतात आणि उंदरांमागे धामण. लगेच कुणीतरी काठी उचलतं. पण धामण बिनविषारी आहे, उंदीर खाऊन ती आपलाच माल राखते. म्हशीच्या पायांना विळखा घालून ती दूध पिते, हे खोटं. विहिरीतला दिवड चिडून चावतो, पण त्यालाही विष नाही. हरणटोळ आणि मांजऱ्या निमविषारी. त्यांच्या चाव्यानं माणूस सहसा दगावत नाही.

फसगत होते ती कवड्या आणि मण्यारीत. दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे, दोघेही रात्री फिरणारे. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट. मण्यारीचे उलट. पण अंधारात पट्टे बघत बसू नका. मण्यार झोपेत चावली तर बरेचदा कळतही नाही, सूज येत नाही. पुढे पोट दुखतं, पापण्या मिटू लागतात, श्वास अडतो.

म्हणून, साप नुसता दिसला तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा. चावला तर मात्र "बिनविषारीच असेल" म्हणून थांबू नका. जखम कापू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. १०८ ला फोन करा, ग्रामीण रुग्णालय गाठा. आणि आज रात्रीपासून जमिनीवर झोपताना मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.