गाईला खुराक, बाईला खरवड



गाभण गाय व्यायच्या आधी दोन महिने आपण आटवतो. कासेला विसावा मिळावा, अंगात ताकद साठावी म्हणून. त्या काळात दूध नाही म्हणून तिची वैरण कुणी शहाणा तोडत नाही. आता घरात बघा. खडकवासला-डोणज्याकडची बाई पहाटे धार काढते, सिंहगडावर दही नाहीतर धरणाच्या चौपाटीवर कणसं विकते. आजारी सासऱ्याचं औषधपाणीही तिच्याकडंच. रात्री सगळ्यांची ताटं झाल्यावर तिच्या वाट्याला कढईतली खरवड. वर म्हणायचं, "मला कुठं भूक आहे!"

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. चढ चढताना धाप लागते, चक्कर येते, पापणी आतून पांढुरकी दिसते. याला आळस म्हणू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टर सांगतील तशा लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. गोळीनं शौचाला काळसर होतं, त्याला घाबरून गोळी बंद करू नये.

बाजरी, हुलगा, शेवग्याचा पाला आपल्याकडं आहेच. त्यावर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तासभर थांबा. आणि बाई तपासणीला जाईल त्या दिवशी धार घरच्या गड्यांनी काढावी.