घरचे मांजर आणि अंगणातील पाखरे
(भाषणाचा मजकूर)



बिदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाच्या ईशान्य भागातील दोन जिल्हे. १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यात होते. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद, अफजलपूर या तालुक्यांतील बाजारात आजही मराठी, कन्नड आणि उर्दू एकमेकींच्या शेजारी नांदतात. चिमणीला कोणी 'गुब्बी' म्हणतो, मांजराला कोणी 'बेक्कू' म्हणतो तर कोणी 'बिल्ली'. परंतु एक प्रसंग सर्वांच्या घरी सारखाच घडतो. पहाटेच्या वेळी घरचे मांजर माळवदावरून खाली उतरते. त्याच्या तोंडात चिमणीचे किंवा साळुंकीचे जिवंत पाखरू असते. मांजर ते बाजेखाली सोडते, पाखरू फडफडते, मुले ओरडतात, कोणी तरी मांजराला काठी मारतो. पाखरू सोडविले जाते आणि बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत मरते.

हा प्रसंग किरकोळ समजून विसरला जातो. तथापि त्यात मुक्या जिवाची वेदना आहे, घरातील माणसांच्या आरोग्याचा प्रश्न आहे आणि शेतकऱ्याच्या हिताचाही काही भाग आहे. म्हणून त्याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

धान्याचा राखणदार

मांजर माणसाकडे आले ते उंदरांच्या मागोमाग. पश्चिम आशियात सुमारे १०,००० वर्षांपूर्वी शेती सुरू झाली, धान्याचे साठे झाले, साठ्यांवर उंदीर आले आणि उंदरांसाठी रानमांजर वस्तीजवळ राहू लागले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारी मांजराचाही सांगाडा सापडला आहे. गाय, बैल, कुत्रा यांना माणसाने आपल्या कामासाठी घडविले. मांजराला तसे फारसे घडविले गेले नाही. त्यामुळे घरात दूध पिणारे मांजर अंगाने आणि स्वभावाने अद्यापि शिकारीच आहे.

कलबुर्गीची तूर प्रसिद्ध आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या घरात तूर, ज्वारी, हरभरा साठविला जातो, त्या घरात मांजराची उपयुक्तता कोणी नाकारणार नाही. लोकांच्या श्रद्धेनेही या प्राण्याला अभय दिले आहे. मांजर मारणे हे महापाप, अशी समजूत हिंदू घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. मुसलमान घरांत हजरत अबू हुरैरा यांचे नाव आदराने घेतले जाते, आणि त्या नावाचा अर्थच 'मांजरीच्या पिल्लाचा पिता' असा आहे. तेव्हा मांजराला घराबाहेर काढणे हा या प्रश्नाचा उपाय नव्हे.

मांजर जिवंत पक्षी घरात का आणते?

पुष्कळांची समजूत अशी की, भुकेले मांजरच शिकार करते. ही समजूत अपुरी आहे. मांजराची भूक आणि शिकारीची ओढ या दोन वेगळ्या प्रेरणा आहेत. समोर अन्नाचे ताट असतानाही हालचाल दिसली की, मांजर ताट सोडून त्या हालचालीवर झेप घेते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. रानात दिवसभरात अनेक लहान शिकारी केल्याशिवाय त्याचे पोट भरत नाही. त्यामुळे मिळालेली संधी सोडायची नाही, हा निसर्गाने घालून दिलेला नियम आहे.

जिवंत पाखरू घरी आणण्याची मुळे मांजरीच्या मातृत्वात आहेत. पिल्ले लहान असतात तेव्हा मांजरी त्यांच्यापुढे मेलेला उंदीर आणून टाकते. पिल्ले वाढली की अर्धमेला आणते आणि पुढे जिवंत आणून सोडते. पिल्लांना शिकार शिकविण्याची ही तिची शाळा होय. शिवाय मोकळ्यावर शिकार खाण्यापेक्षा सुरक्षित जागी नेणे मांजराला सोयीचे वाटते, आणि घर हीच त्याची सुरक्षित जागा. म्हणून ज्यांना पिल्ले नाहीत अशा माद्या आणि बोकेही शिकार घरी आणतात. मांजर पाखराशी खेळते ते क्रूरपणाने, असेही म्हणतात. वस्तुतः धडपडणाऱ्या सावजाच्या चोचीपासून व नखांपासून स्वतःला जपत ते त्याला दमवीत असते. मांजराला मारल्याने यातील काहीही बदलत नाही. आपल्याला का मारले, हे त्याला कळत नाही. ते फक्त पुढची शिकार माणसाच्या नजरेआड नेते.

पाखरे सापडतात कोठे?

या भागातील जुनी घरे मातीच्या माळवदाची किंवा शहाबादी फरशीची. लादणीच्या फटी, तुळयांची टोके, भिंतीतील कोनाडे, तसबिरींच्या मागची जागा ही चिमण्यांची जुनी वसतिस्थाने होत. माळवदावरचे साने हे उजेडाचे आणि वाऱ्याचे द्वार, तसेच मांजराच्या येण्याजाण्याचेही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडी पिल्ले घरट्याबाहेर पडतात. पहिले काही दिवस त्यांना नीट उडता येत नाही. ती जमिनीवर, वळचणीला, तुळशीवृंदावनाजवळ बसून राहतात. मांजराच्या तोंडी सर्वांत जास्त सापडतात ती हीच पिल्ले. शेतवस्तीवर चंडोल, लावा, तितर, टिटवी या जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांनाही हाच धोका असतो.

हानी किती?

ब्रिटनमध्ये १९९७ साली एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांत मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीची नोंद करण्यात आली. ६१८ घरांतील ९८६ मांजरांनी १४,३७० प्राणी आणले. त्यांत उंदरांसारखे लहान सस्तन प्राणी सर्वाधिक होते आणि पक्षी सुमारे एक चतुर्थांश होते. परंतु घरी आणलेली शिकार म्हणजे सर्व शिकार नव्हे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून पाहिले असता, सावजांपैकी एक चतुर्थांशापेक्षाही कमी घरी आणली जातात, असे आढळले. बाकीची जागीच खाल्ली किंवा तशीच टाकली जातात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत मांजरे दरवर्षी १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज देण्यात आला. त्यांतील बहुतेक शिकार बेवारशी मांजरांची होती. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर १८९४ मध्ये दीपगृह सुरू झाले. तेथे गेलेल्या मांजरांनी उडू न शकणाऱ्या एका चिमुकल्या पक्ष्याची जात एकदोन वर्षांत जवळजवळ संपविली.

परदेशातील हे आकडे आपल्याकडील गावांना जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. चिमण्या कमी होण्यास सिमेंटची घरे, कीटकनाशके, तोडलेली झाडे हीही कारणे आहेत, आणि सर्व दोष मांजराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मात्र ज्या पाखरांना घरटे करण्यास जागा उरलेली नाही, त्यांच्या उरल्यासुरल्या पिल्लांवर मांजराचा घाला अधिक जड पडतो, हे उघड आहे.

शेतकऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चिमणी स्वतः दाणे टिपते, परंतु पिल्लांना ती मुख्यतः किडे व अळ्या भरविते. तुरीवरील घाटेअळी वेचण्यासाठी कृषी खाते शेतात इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचे पक्षिथांबे उभारण्यास सांगते, ते साळुंकी आणि कोतवाल यांच्याच भरवशावर. शेतात पक्ष्यांना बसायला आसन द्यायचे आणि अंगणात त्यांची पिल्ले मांजराला द्यायची, हा व्यवहार तोट्याचा आहे.

आरोग्याचा प्रश्न

मांजराच्या तोंडातून सुटलेले पाखरू वरून धडधाकट दिसते, तरी दुसऱ्यातिसऱ्या दिवशी मरते, याचे कारण मांजराच्या लाळेत आहे. तिच्यात पाश्च्युरेला नावाचे जिवाणू असतात. याच कुळातील जिवाणूंमुळे गाईम्हशींना घटसर्प होतो, हे पशुपालकांना ठाऊक आहे. मांजराचा दात सुईसारखा असतो. जखम पिसांखाली झाकली जाते आणि विष आत पसरते.

माणसालाही मांजराचा चावा किंवा ओरखडा क्षुल्लक समजता येत नाही. पाखरू सोडविण्याच्या झटापटीत मुलांना असे ओरखडे हटकून होतात. रेबीज हा रोग केवळ कुत्र्यामुळे होतो, ही समजूत घातक आहे. तो मांजरामुळेही होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपाय चालत नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, तिखट लावून वेळ दवडू नये. कच्ची शिकार खाणाऱ्या मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचे जंतू पसरू शकतात. ते गर्भाला अपायकारक असल्याने गरोदर स्त्रियांनी मांजराची घाण काढू नये.

बर्ड फ्लूचाही येथे उल्लेख केला पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये बिदर जिल्ह्याला लागून असलेल्या लातूर जिल्ह्यात, उदगीर शहरात, अनेक कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लूचे निदान झाले. त्याच सुमारास मध्य प्रदेशात छिंदवाडा येथे पाळीव मांजरांतही हा रोग आढळला. म्हणून गावात पक्षी एकाएकी मरू लागले, तर मांजरे घरात ठेवावीत, मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

पाखरू हाती लागल्यास

मांजराच्या मागे ओरडत धावू नये. त्याने ते अधिक घट्ट पकडते. दारे लावून घ्यावीत, मांजराने पाखरू खाली ठेवताच त्यावर जाड टॉवेल टाकावा आणि मांजराला दुसऱ्या खोलीत न्यावे. पाखरू भोके पाडलेल्या खोक्यात जुन्या सुती कापडावर ठेवून खोके अंधाऱ्या, उबदार व निवांत जागी ठेवावे. चोचीत पाणी किंवा दूध ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन पाखरू गुदमरते. मांजराचा दात लागल्याची शंका असेल, तर जखम दिसो वा न दिसो, त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. तालुक्याच्या दवाखान्यांखेरीज बिदर येथे पशुवैद्यकीय विद्यापीठ आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

माणसाने शिवलेल्या पिल्लाला चिमण्या टोचून मारतात, असे घरोघरी सांगितले जाते. यात तथ्य नाही. पिल्लू घरट्यातून पडले असेल आणि त्याला इजा नसेल, तर ते निःशंकपणे घरट्यात किंवा जवळच्या फांदीवर ठेवावे. आईबाप त्याला पुन्हा भरवू लागतात. या एका समजुतीमुळे वाचू शकणारी कितीतरी पिल्ले वाऱ्यावर सोडली जातात. बरे झालेले पाखरू मात्र पिंजऱ्यात ठेवू नये. रानपक्षी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे.

उपाय घरचेच

पहाट आणि तिन्हीसांज या मांजराच्या शिकारीच्या वेळा. पिल्ले उडायला शिकण्याच्या दिवसांत या दोन वेळी मांजर घरात कोंडून ठेवल्यास पुष्कळ पाखरे वाचतील.

दुसरा उपाय आहाराचा. सीमाभागातील अनेक घरे शाकाहारी आहेत आणि तेथे मांजराला दूधभाकरीच मिळते. मांजराचे शरीर मांसाहारावर जगणारे आहे. टॉरिन नावाचे आवश्यक द्रव्य त्याला दूधभाकरीतून पुरेसे मिळत नाही. ब्रिटनमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांसयुक्त सकस आहार दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटे दोरीला पीस बांधून खेळविल्याने ती २५ टक्क्यांनी घटली. ज्या घरात मांस शिजत नाही, तेथे टॉरिन घातलेले तयार खाद्य देता येते. या खाद्याला खर्च येतो हे खरे, परंतु मुलांनी मांजराशी खेळावे यास पैसा लागत नाही.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांचा जुना प्रश्न. माणसाने ती बांधली तरी तिचा गुण किती येतो, याविषयी प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. बांधल्यास ताण पडताच तुटेल असा कच्चा पट्टा वापरावा, अन्यथा फांदीत अडकून मांजर फास लागून मरेल.

मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. नको असलेली पिल्ले पोत्यात घालून शिवारात सोडली जातात. तीच पुढे रानातील पाखरांवर जगतात. पिल्ले बुडविणे किंवा उपाशी टाकून देणे ही क्रूरता असून १९६० च्या कायद्याने तो अपराध आहे. शस्त्रक्रियेने संततिनियमन आणि दरवर्षी रेबीजची लस, हाच मार्ग होय.

शिक्षकांनी शाळेत एक नोंदवही ठेवावी. कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, कोणता पक्षी मांजराने आणला, हे मुलांनी तीत लिहावे. वर्षभरात त्या गावापुरते खरे चित्र हाती येईल. ग्रामपंचायतींनी नव्या इमारतींच्या भिंतींवर, मांजराची उडी पोहोचणार नाही अशा उंचीवर, घरट्यांसाठी लाकडी खोकी लावावीत.

बाराव्या शतकात याच भूमीत, कल्याण नगरीत, महात्मा बसवेश्वरांनी प्राणिमात्रांवर दया करण्याची शिकवण दिली. दयेला समजुतीची जोड हवी. मांजराने आपला स्वभाव बदलावा, अशी अपेक्षा करता येत नाही. दार केव्हा लावायचे आणि पाखराला केव्हा दवाखान्यात न्यायचे, हे मात्र घरच्या माणसांच्या हाती आहे.