हेक्टरी शिफारस आणि गुंठ्याची मात्रा
(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



खते किती द्यावीत, तणनाशक किती वापरावे याच्या शिफारशी आपण नेहमी वाचता, ऐकता. त्या हेक्टरी असतात. आपण मात्र जमीन एकर-गुंठ्यांत मोजतो. त्यामुळे टनाचे किलो, किलोचे ग्रॅम आणि ग्रॅमचे मिलिग्रॅम करण्याची वेळ प्रत्येकावर येते. हा हिशेब चुकला तर काय होते, ते माझ्याच चुकीवरून सांगतो.

एका शेतकरी बंधूंना गव्हातील रुंद पानांच्या तणांसाठी मेटसल्फ्युरॉन मिथाईल हे तणनाशक आधी एकाच गुंठ्यावर वापरून पाहायचे होते. मी चिठ्ठीवर ‘.२ ग्रॅम’ असे लिहून दिले. घडीत टिंब पुसट झाले आणि त्यांनी २ ग्रॅम वाचले. मात्रा दहापट झाली. गहू पिवळा पडून खुजा राहिला. हे तणनाशक जमिनीत काही काळ टिकते, त्यामुळे पुढे त्याच तुकड्यात पेरलेला मूगही वाढला नाही. त्यांनी मला बोल लावला नाही. पण चूक माझी होती.

आता हिशेब पाहू. १ टन म्हणजे १० क्विंटल, १ क्विंटल म्हणजे १०० किलो, १ किलो म्हणजे १००० ग्रॅम आणि १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम. मोठ्या मापाचे लहान माप करताना गुणावे, लहानाचे मोठे करताना भागावे.

एका हेक्टरमध्ये जवळपास १०० गुंठे बसतात. म्हणून हेक्टरी जितके किलो, गुंठ्याला त्याच्या दहापट ग्रॅम. हेक्टरी जितके ग्रॅम, गुंठ्याला त्याच्या दहापट मिलिग्रॅम. हेक्टरी १० टन शेणखत म्हणजे १०० क्विंटल, अर्थात गुंठ्याला १ क्विंटल.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे. १२० किलो युरियाची नव्हे! युरियात नत्र ४६ टक्के असते. १२० ला १०० ने गुणून ४६ ने भागले की २६१ किलो युरिया येतो. गुंठ्याला तो २६१० ग्रॅम, म्हणजे २ किलो ६१० ग्रॅम. यातील निम्मा पेरणीच्या वेळी आणि उरलेला पहिल्या पाण्याच्या वेळी द्यावा. हिशेब गोण्यांवर करू नका. निमकोटेड युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची आहे. जुन्या सवयीने मोजल्यास प्रत्येक गोणीमागे ५ किलो कमी पडतात.

तणनाशकाचेही तसेच. मेटसल्फ्युरॉन मिथाईलचा क्रियाशील घटक हेक्टरी ४ ग्रॅम लागतो. बाजारातील पावडर २० टक्क्यांची असेल, तर ती हेक्टरी २० ग्रॅम, एकरी ८ ग्रॅम आणि गुंठ्याला २०० मिलिग्रॅम पुरते. एवढे वजन किराणा दुकानातील काट्यावर होत नाही आणि डोळ्यांच्या अंदाजाने तर मुळीच नाही. त्यासाठी ८ ग्रॅमचे पूर्ण पाकीट ४ लिटर स्वच्छ पाण्यात नीट विरघळवावे. ते ४० गुंठ्यांचे द्रावण झाले. गुंठ्यामागे त्यातील १०० मिलिलिटर मापून ५ लिटर पाण्यात मिसळावे. प्रत्येक वेळी मापण्यापूर्वी द्रावण ढवळावे. ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

शेवटी एकच विनंती. चिठ्ठी लिहिणारा मी असो, दुकानदार असो की आपला मुलगा, ‘.२’ असे कधी लिहू देऊ नका. टिंबाआधी शून्य हवेच; ‘०.२ ग्रॅम’ लिहावे. त्याहून चांगले म्हणजे ‘२०० मिलिग्रॅम’ असे अक्षरांसह लिहून घ्यावे. टिंब पुसले जाते, अक्षर सहसा पुसले जात नाही. मीही आता तसेच लिहितो. आणि शंका आली तर पंपात औषध ओतण्यापूर्वी विचारा. ओतल्यानंतर सांगण्यासारखे आमच्याकडे फारसे काही उरत नाही.