जंतू रुजेपर्यंत माणूस थांबतो का?



कळवणला कांद्याचं बी टाकलं की आठ-दहा दिवसांत वाफा हिरवा दिसतो. क्षयाचा जंतू एवढा तत्पर नाही. आतड्यातल्या ई-कोलायचे वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला त्यासाठी पंधरा-वीस तास लागतात. तिरप्या बाटलीत अंडं घालून घट्ट केलेलं हिरवट खाद्य, त्यावर बेडक्याचा नमुना, आणि मग उबेत ठेवून वाट बघायची. महिना-दीड महिन्यानं फिकट पिवळे, खरबरीत ठिपके उठतात. 'जंतू नाही' असं सांगायला तर आठ आठवडे लागतात.

तोवर माणूस थांबतो का? कळवण-सुरगाण्याच्या पाड्यांवरची कितीतरी घरं भात निघाला की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांत कामाला जातात. रिपोर्ट येतो तेव्हा दाराला कडी असते. दोष कुणाला देणार?

सूक्ष्मदर्शकात त्याच दिवशी कळतं, हे खरं. पण त्यासाठी मिलीलिटरभर बेडक्यात पाच-दहा हजार जंतू असावे लागतात, आणि औषध लागू पडेल का, ते त्यात दिसत नाही.

आता जंतू वाढवण्याऐवजी त्याचा डीएनए वाढवतात. एकाचे दोन, दोनाचे चार; तीस फेऱ्यांत शंभर कोटींच्या वर. सीबीनॅट यंत्र दोन तासांत दोन गोष्टी सांगतं: क्षय आहे का, आणि रिफॅम्पिसिन हे औषध चालेल का. असंच दुसरं यंत्र ट्रूनॅट, आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. ते बॅटरीवर चालतं. भारनियमन सोसलेल्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

मात्र एक खोड आहे. मेलेल्या जंतूचाही डीएनए या यंत्रांना सापडतो. त्यामुळे औषध सुरू झाल्यावर गुण येतोय का, हे त्यांना विचारण्यात अर्थ नसतो. तिथे सूक्ष्मदर्शक किंवा तीच जुनी बाटली. इतर काही औषधांची पारख करायलाही जंतू वाढवावाच लागतो. म्हातारी अजून कामाची आहे!

आणि तपासणीसाठी बेडक्याची डबी देताना एक बघा: सकाळी उठल्यावर, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. नुसती थुंकी भरून दिली, तर यंत्र तरी काय शोधणार?